न तुटणारा एटीपी

आपल्या कंबरेजवळ, मणक्याच्या कण्यात किंवा अगदी लगत, काही चेतापेशी बसलेल्या असतात. त्यांची तार तिथून निघते ती थेट पावलापर्यंत जाते. एकच पेशी, जवळजवळ मीटरभर लांब. पेशीला लागणारी बहुतेक प्रथिनं वरच्या टोकाला तयार होतात आणि लागतात मात्र खालच्या टोकाला. हा माल वाहून नेणारं एक प्रथिन आहे, कायनेसिन. पेशीत आडव्यातिडव्या पसरलेल्या नळ्यांवरून, म्हणजे मायक्रोट्युब्यूलवरून, ते दोन पावलांनी चालत जातं. एक पाऊल आठ नॅनोमीटरचं, सेकंदाला साधारण शंभर पावलं, आणि दर पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च.

आता या कायनेसिनचं एक पाऊल नेमकं कसं पडतं हे बघायचं असेल तर काय कराल? पंखा पाचवर फिरत असताना त्याची पाती मोजता येत नाहीत, तशीच इथली अडचण. एटीपी शिरतो, तुटतो, प्रथिन वळतं, पाऊल पुढे पडतं, तुकडे बाहेर जातात, आणि हे सगळं सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात उरकतं. एटीपी दिलाच नाही तर यंत्र थांबतं खरं, पण ते रिकाम्या पोटी थांबतं. आपल्याला बघायचं असतं ते पोटात एटीपी असलेलं, पण तो अजून न तुटलेला, ते क्षणभंगुर रूप.

जीवरसायनशास्त्रज्ञांनी त्यासाठी काढलेली युक्ती म्हणजे हुबेहूब एटीपीसारखा दिसणारा, पण न तुटणारा रेणू. दिवाळीत सादळलेला फटाका असतो ना, तसा. कागद तोच, वात तीच, माळेत बसतोही नीट, फक्त फुटत नाही. मला हा रेणू फार मोलाचा वाटतो. पेशीतल्या यंत्रांबद्दल आज आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातला मोठा भाग या न फुटणाऱ्या फटाक्यांनी दाखवलेला आहे.

आधी एटीपी तुटतो म्हणजे काय होतं ते बघू. या रेणूत एका बाजूला ॲडेनिन, त्याला जोडलेली रायबोज ही साखर आणि साखरेला लागून एकापुढे एक तीन फॉस्फेट. साखरेला चिकटलेला तो अल्फा, मधला बीटा, टोकाचा गॅमा. शेजारशेजारच्या फॉस्फेटांना जोडणारा दुवा म्हणजे ऑक्सिजनचा एक अणू. पाण्याचा एक रेणू गॅमा फॉस्फरसवर चाल करून येतो, बीटा आणि गॅमा यांच्यामधला दुवा सुटतो, टोकाचा फॉस्फेट वेगळा होतो आणि उरतो तो दोन फॉस्फेटांचा एडीपी. यालाच हायड्रोलिसिस म्हणतात. प्रमाण परिस्थितीत यात मोलमागे सुमारे ३० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते, आणि पेशीत प्रत्यक्षात ५० च्या आसपास. आपलं शरीर दिवसभरात स्वतःच्या वजनाइतका एटीपी तोडतं आणि पुन्हा जोडतं. पेशीत जीटीपी नावाचा दुसरा रेणूही असतो, त्याची रचनाही अशीच, फक्त ॲडेनिनच्या जागी ग्वानिन. साधारणपणे एटीपी कामाला लागतो आणि जीटीपी बटणं चालूबंद करायला, पण हा नियम काही अगदी काटेकोर नाही.

युक्ती आहे ती त्या दुव्याच्या ऑक्सिजनमध्ये. तो काढून तिथे नायट्रोजन आणि हायड्रोजनची जोडी बसवली की तयार होतो एएमपी-पीएनपी. राल्फ यौंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत तो बनवला. त्याच्याही आधी, १९६३ मध्ये, त्या जागी कार्बन बसवलेला एएमपी-पीसीपी तयार झाला होता. मग नवा कशाला हवा होता? कारण आहे कोनात. खऱ्या एटीपीत फॉस्फरस-ऑक्सिजन-फॉस्फरस हा कोन सुमारे १२९ अंशांचा असतो. नायट्रोजन घातला की तो १२७ च्या आसपास राहतो, कार्बन घातला की ११७ वर येतो. बारा अंशांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण प्रथिनाच्या खाचेत शेपूट वाकडं बसायला तेवढा पुरतो. कार्बनचे बंधही थोडे लांब असतात. म्हणून बऱ्याच प्रथिनांना नायट्रोजनवाला जास्त मानवतो.

तिसरा भाऊ जरा वेगळ्या स्वभावाचा. एटीपी-गॅमा-एस मध्ये दुव्याला हात लावलेला नाही. टोकाच्या फॉस्फेटवरच्या एका ऑक्सिजनच्या जागी गंधक बसवलेलं आहे. तो तुटतो, पण फार हळू. काही एन्झाइम, विशेषतः कायनेझ, त्याचा गंधकवाला फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रथिनावर चिकटवतातही. मग गंमत अशी होते की एरवी फॉस्फेट काढून टाकणाऱ्या फॉस्फॅटेझला हा गंधकवाला सहजी निघत नाही. म्हणजे प्रथिनावर जवळजवळ पक्का शिक्काच बसला. कोणत्या कायनेझने कुठे शिक्का मारला हे शोधायला हा गुण फार उपयोगी पडतो.

आणि तोडायची जागा प्रत्येक एन्झाइमची वेगळी. डीएनए जोडणारं पॉलिमरेझ बीटा-गॅमाच्या मधला दुवा तोडत नाही, अल्फा-बीटाच्या मधला तोडतं. त्याला थांबवायचं तर बदल तिथे करायला हवा. विद्यार्थ्यांची इथे हमखास गल्लत होते. ‘न तुटणारा’ म्हटलं की पहिला प्रश्न हवा, कुठे न तुटणारा? एटीपीपासून सायक्लिक एएमपी हा पेशीच्या आत इशारा देणारा छोटा रेणू बनवणारं ॲडेनिलिल सायक्लेझ एएमपी-पीएनपी निवांत वापरतं, कारण त्याची कात्री अल्फाजवळ चालते आणि तिथे सगळं मूळचंच आहे.

आता पुन्हा कायनेसिनकडे येतो, कारण त्याचा शोधच मुळी या नकली एटीपीमुळे लागला.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर वूड्स होल नावाचं गाव आहे. तिथल्या सागरी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत दर उन्हाळ्यात देशोदेशीचे शास्त्रज्ञ जमतात, आणि त्यातले बरेच जण येतात माकुळासाठी. कोकणात आपण ज्याचं कालवण करतो त्याच कुळातला हा प्राणी. त्याच्या अंगात एक चेतातंतू असतो, जवळजवळ अर्धा ते एक मिलिमीटर जाड. नुसत्या डोळ्यांना दिसतो. तो कापून टोकाकडून रूळ फिरवला की आतला गर टूथपेस्टसारखा बाहेर येतो, आणि नवल म्हणजे पेशीचं आवरण गेलं तरी त्या गरात वाहतूक चालूच राहते. सूक्ष्मदर्शकाला व्हिडिओ कॅमेरा जोडून बघितलं की चरबीच्या पापुद्र्यात बांधलेली इवली गाठोडी नळ्यांवरून सरसर धावताना दिसतात.

१९८५ साली रेमंड लासेक आणि स्कॉट ब्रेडी यांनी त्या गरात एएमपी-पीएनपी घातला. गाठोडी थांबली. पण थांबली कशी, यात खरी मेख होती. ती सुटून इकडेतिकडे तरंगली नाहीत, नळ्यांना घट्ट चिकटून बसली.

यात चकित होण्यासारखं काय ते कळायला स्नायूंकडे बघावं लागतं. स्नायूतलं मायोसिन हे मोटर-प्रथिन ॲक्टिनच्या दोरीला धरून ओढतं. त्याला एटीपी मिळाला की ते दोरी सोडतं, एटीपी संपला की दोरी धरूनच राहतं. मृत्यूनंतर शरीर ताठरतं ते याच कारणाने, एटीपी संपल्यावर मायोसिनची पकड सुटत नाही म्हणून. मायोसिनला एएमपी-पीएनपी दिला तर तिथेही पकड सैल होते. इथे मात्र तोच रेणू दिल्यावर पकड घट्ट झाली, म्हणजे अगदी उलटी चाल. तेव्हा गाठोडी ओढणारा हमाल मायोसिन नव्हे, हा कोणी तिसराच आहे हे उघड झालं.

त्याच वर्षी रोनाल्ड व्हेल, थॉमस रीस आणि मायकेल शीट्झ यांनी त्या हमालाला पकडलं. त्यांची पद्धत इतकी सरळ आहे की मी ती शिकवताना दरवेळी फळ्यावर काढतो. माकुळाच्या चेतापेशींचा अर्क घ्यायचा. त्यात मायक्रोट्युब्यूल आणि एएमपी-पीएनपी घालायचे. अनोळखी मोटर नळ्यांना चिकटते. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की नळ्या तळाशी साक्यात बसतात आणि त्यांच्याबरोबर मोटरही. वरचं पाणी ओतून टाकायचं. आता साक्यावर खरा एटीपी घालायचा. मोटर जागी होते, नळी सोडते आणि वरच्या द्रवात उतरते. पुन्हा फिरवा, वरचा द्रव उचला, मोटर तुमच्या हातात. नकली एटीपीने धरायचं आणि असली एटीपीने सोडायचं. हलणं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तिचं नाव ठेवलं कायनेसिन. व्हेल आणि शीट्झ यांना या कामासाठी जेम्स स्पुडिच यांच्याबरोबर २०१२ चा लास्कर पुरस्कार मिळाला.

जीटीपीच्या घरातली कहाणी आपल्याला अधिक जवळची आहे, कारण तिचा धागा पटकीपर्यंत जातो.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मार्टिन रॉडबेल उंदराच्या यकृतावर ग्लुकागॉन या संप्रेरकाचा परिणाम तपासत होते. संप्रेरक पेशीच्या बाहेर बसतं आणि आत सायक्लिक एएमपी वाढतं, तर मधला निरोप्या कोण? प्रयोगासाठी विकत आणलेल्या एटीपीत जीटीपीची भेसळ असायची, आणि खरं काम ती भेसळ करत होती हे त्यांनी ताडलं. पुढे १९७४ मध्ये त्यांच्या गटाने जीटीपीचा न तुटणारा भाऊ, जीएमपी-पीएनपी, वापरून पाहिला. सायक्लेझ जोरात सुरू झालं आणि बंद होईना. म्हणजे जीटीपी बसणं हे बटण चालू करणं, आणि जीटीपी तुटणं हे बटण बंद करणं. ‘तोडलं नाही तर काय होतं’ हे बघितल्याशिवाय ‘तोडण्याचं काम काय’ हे कळलं नसतं. या निरोप्यांना आज आपण जी-प्रथिनं म्हणतो. रॉडबेल आणि आल्फ्रेड गिलमन यांना त्यासाठी १९९४ चं नोबेल मिळालं.

आता पटकी. गावोगावी मरीआईची देवळं ज्या रोगाच्या धसक्याने उभी राहिली, तो हा रोग. पटकीचा जंतू एक विष सोडतो, हे १९५९ साली कलकत्त्यात शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवलं. ते विष करतं काय, याचा उलगडा १९७७ मध्ये झाला. विष जी-प्रथिनाला जीटीपी तोडूच देत नाही. आतड्याच्या पेशीतलं बटण चालूच राहतं, सायक्लिक एएमपी वाढत जातं, क्षार आणि त्यांच्यामागे पाणी आतड्यात ओतलं जातं, आणि माणूस काही तासांत शुष्क पडतो. रॉडबेल यांच्या परीक्षानळीत नकली जीटीपीने जे घडवलं, तेच हा जंतू खरा जीटीपी तसाच ठेवून, तोडणारी कात्री बोथट करून घडवतो. परिणाम एकच. मला हे जुळलेलं पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

रास नावाच्या छोट्या प्रथिनाचंही असंच. तेही जीटीपीचं बटण. त्याच्या साखळीतलं बारावं अमिनो आम्ल बदललं की जीटीपी तुटेनासा होतो, पेशीला ‘वाढ, वाढ’ असा निरोप जातच राहतो, आणि कर्करोगाची वाट मोकळी होते. चालू अवस्थेतलं रास दिसतं कसं हे क्ष-किरणांनी पाहायचं तर आधी त्याचे स्फटिक वाढवायला हवेत, आणि स्फटिक वाढायला दिवस लागतात. खरा जीटीपी रासमध्ये तेवढा वेळ टिकत नाही. म्हणून हायडेलबर्गच्या माक्स प्लांक संस्थेत आल्फ्रेड विटिंगहोफर यांच्या गटाने जीएमपी-पीएनपी घालून स्फटिक वाढवले, आणि १९९० मध्ये १.३५ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईचं चित्र दिलं. गॅमा फॉस्फेटला प्रथिनाचे दोन लवचीक पट्टे दोन बाजूंनी धरून बसलेले त्यात स्पष्ट दिसतात. फॉस्फेट गेला की ते पट्टे सैल होतात. बटण म्हणजे काय, ते तिथे अणूंच्या भाषेत वाचता येतं.

आणखी एक चित्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एटीपी बनवणारं यंत्र, एटीपी सिंथेझ, याच्या डोक्यावर तीन सारखे कप्पे असतात. पॉल बॉयर म्हणत होते की हे तिन्ही कप्पे एका वेळी तीन वेगळ्या अवस्थांत असतात आणि मधला दांडा फिरला की अवस्था पुढे सरकतात. बऱ्याच लोकांना ते पटत नव्हतं. १९९४ साली केंब्रिजमध्ये जॉन वॉकर यांच्या गटाने बैलाच्या हृदयातून काढलेल्या या यंत्राची रचना छापली. स्फटिक वाढवताना त्यात एएमपी-पीएनपी आणि एडीपी घातले होते. चित्रात एका कप्प्यात एएमपी-पीएनपी, दुसऱ्यात एडीपी, आणि तिसरा रिकामा. बॉयर यांचं म्हणणं जणू फोटोत उतरलं. १९९७ चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोघांनी येन्स स्काऊ यांच्याबरोबर वाटून घेतलं, आणि त्याच वर्षी जपानी शास्त्रज्ञांनी तो दांडा प्रत्यक्ष फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला.

मायक्रोट्युब्यूलसुद्धा या युक्तीतून सुटल्या नाहीत. त्या टोकाशी वाढतात आणि अचानक कोसळतात. त्यांच्यात जीटीपीऐवजी जीएमपी-सीपीपी हा अल्फा-बीटाच्या मध्ये कार्बन असलेला रेणू भरला की त्या वाढतात, पण कोसळत नाहीत. म्हणजे जीटीपी तुटणं हे बांधण्यासाठी नसून मोडण्यासाठी आहे. आजही सूक्ष्मदर्शकाखाली नळ्या वाढवायच्या तर काचेवर आधी अशा न मोडणाऱ्या नळीचा तुकडा बियाण्यासारखा चिकटवतात.

औषधशोधात जीटीपी-गॅमा-एस रोजच्या कामातला आहे. त्यातलं गंधक किरणोत्सारी घ्यायचं आणि पेशीपटलावर संभाव्य औषध टाकायचं. औषधाने ग्राहीला, म्हणजे पटलावर बसून बाहेरचा निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, जागं केलं तर जी-प्रथिन हा रेणू उचलतं आणि सोडत नाही. पटल गाळून किरणं मोजली की औषधाचा जोर कळतो. बाजारातल्या औषधांपैकी जवळपास एक तृतीयांश औषधं अशाच ग्राहींवर काम करतात, हे लक्षात घेतलं की या चाचणीचं वजन समजतं.

इतकं कौतुक केल्यावर दुसरी बाजू सांगणं माझं कामच आहे, कारण ती न सांगितल्याने मुलांची वर्षं जातात. ‘न तुटणारा’ हा शब्द सैल आहे. एएमपी-पीएनपी काही फॉस्फॅटेझ तोडतात, आम्लात तो आपोआप मोडतो. जीएमपी-सीपीपीही हळूहळू तुटतोच. शिवाय नायट्रोजन म्हणजे ऑक्सिजन नव्हे. त्याच्यावर एक हायड्रोजन जास्त असतो, विद्युतभार किंचित वेगळा विभागला जातो, आणि प्रथिनाची पकड बऱ्याचदा कमी होते. रासला जीटीपीपेक्षा जीएमपी-पीएनपी कमी प्रेमाने धरता येतो. म्हणून एका नकली रेणूने दिलेलं उत्तर मी कधी अंतिम धरत नाही. नायट्रोजनवाला, कार्बनवाला आणि गंधकवाला, तिघांनाही विचारायचं. तिघं एकच सांगत असतील तर विश्वास ठेवायचा. वेगवेगळं सांगत असतील तर प्रथिन काहीतरी नवं सांगतंय.

मी शिकत असताना एकदा एटीपी-गॅमा-एस घालून एका प्रथिनाची डीएनएवरची पकड मोजत होतो. कुपी एवढीशी, तळाशी चिमूटभर पांढरी पूड. आकडे दरवेळी हवे त्यापेक्षा कमी यायचे. सहा आठवडे मी प्रथिनालाच दोष देत राहिलो. शेवटी प्रयोगशाळेतल्या ताईंनी विचारलं, ‘अरे, कुपीत काय आहे ते बघितलंस का?’ त्यांनी माझा नमुना एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले रेणू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, चढवला. कागदावर एक उंच शिखर आणि त्याच्या आधी एक बुटकं शिखर उमटलं. बुटकं होतं एडीपीचं, जवळजवळ एक दशांश. माझ्या प्रथिनाला एडीपी जास्त आवडायचा, त्यामुळे तो थोडासाच असूनही जागा अडवून बसत होता. कुपीवर शुद्धता छापलेली होती, मी ती वाचली नव्हती. तेव्हापासून पूड विरघळवली की आधी सामू सातच्या वर आणायचा, छोटे छोटे वाटे करून गोठवायचे, एकदा वितळलेला वाटा परत गोठवायचा नाही, आणि पहिला वाटा एचपीएलसीला द्यायचा, हा क्रम मी मोडलेला नाही. मॅग्नेशियम विसरणं ही दुसरी नेहमीची चूक. एटीपी असो वा त्याचा नकली भाऊ, बहुतेक प्रथिनं तो मॅग्नेशियमसकटच ओळखतात.

प्रयोगशाळेतली ही कल्पना दवाखान्यातही पोचली आहे. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवताना गुठळी होऊ नये म्हणून शिरेतून देतात ते कँग्रेलॉर हे एटीपीचंच रूप. बीटा आणि गॅमा यांच्यामध्ये ऑक्सिजनऐवजी दोन क्लोरीन लावलेला कार्बन. अमेरिकेत त्याला २०१५ मध्ये मान्यता मिळाली. बिंबाणूंवरचा, म्हणजे रक्ताची गुठळी करणाऱ्या कणांवरचा, ग्राही ते अडवून धरतं, आणि औषध बंद केलं की तासाभरात बिंबाणू पूर्ववत होतात, कारण रक्तातली एन्झाइम त्याला दुसऱ्या जागी, साखरेजवळ, तोडतात.

हाडं ठिसूळ झालेल्या आजींना आठवड्यातून एकदा उपाशीपोटी एक गोळी देतात आणि अर्धा तास आडवं होऊ नका म्हणून बजावतात, ती ॲलेंड्रोनेटची. तिच्यातही दोन फॉस्फरसच्या मध्ये असाच कार्बन आहे. पेशींना तो दुवा तोडता येत नाही. तिच्याच कुळातल्या क्लोड्रोनेटची तऱ्हा तर आणखी विलक्षण आहे. हाड कुरतडणाऱ्या पेशी हाडाबरोबर हे औषध गिळतात. त्यांच्या आतली एन्झाइम त्याला फॉस्फेटाची शेपटी समजून एएमपीला, म्हणजे एकच फॉस्फेट असलेल्या भावाला, जोडतात, आणि पेशीत न तुटणारा एटीपी तयार होतो. तो मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघराच्या, दारात, जिथून एडीपी आत आणि एटीपी बाहेर जातो तिथे, अडकून बसतो. दार अडलं की ती पेशी मरते आणि हाडाची झीज मंदावते.